घरबसल्या मेडिकल ट्रान्सक्रिप्शन: इन्फिनिटी पेडल आणि एक्स्प्रेस स्क्राइब घ्यावे का?

घरून मेडिकल ट्रान्सक्रिप्शन, म्हणजे डॉक्टरने बोलून रेकॉर्ड केलेली रुग्णाची नोंद ऐकून टाइप करण्याचे काम, सुरू करायचे ठरले की पहिला खर्च बहुधा भलत्याच गोष्टीवर होतो. कोणी नवा लॅपटॉप घेते, कोणी महागडा क्लास लावते. पायाखालचे पेडल आणि फाईल वाजवणारा प्रोग्रॅम यांच्याशी रोज सात-आठ तास गाठ पडणार असते, पण त्या बाबतीत मात्र मिळेल त्यावर भागवले जाते. हे परीक्षण त्या दोघांचे आहे. पेडल म्हणजे व्हीईसी कंपनीचे इन्फिनिटी यूएसबी (आयएन-यूएसबी-२ आणि त्यानंतरचे ३), आणि प्रोग्रॅम म्हणजे एनसीएच सॉफ्टवेअर या ऑस्ट्रेलियन कंपनीचा एक्स्प्रेस स्क्राइब. सोबत हेडफोन, टेक्स्ट एक्स्पांडर (दोन-तीन कळांत पूर्ण शब्द किंवा वाक्य उमटवणारे साधन) आणि रुग्णाच्या माहितीची गुप्तता यांचाही विचार केला आहे, कारण हा सगळा सेट एकत्रच चालतो किंवा एकत्रच अडतो.

निकाल आधी सांगून टाकतो. पेडल जरूर घ्या, पण काम देणाऱ्या कंपनीकडून तिच्या प्लॅटफॉर्मवर कोणते पेडल चालते ते लेखी विचारल्यावरच. एक्स्प्रेस स्क्राइब सरावासाठी उत्तम आहे. त्याची विकतची प्रो आवृत्ती मात्र डीएसएस किंवा डीएस२ (डिक्टेशन रेकॉर्डरच्या खास) फाईल हातात येणार असतील तरच विकत घ्यावी.

पेडलची गरज का पडते? डॉक्टर बोलतो सलग, आपण टाइप करतो तुकड्यांत. दर सात-आठ शब्दांनी आवाज थांबवावा लागतो, थोडा मागे न्यावा लागतो, पुन्हा सुरू करावा लागतो. हे काम हाताने करायचे तर प्रत्येक वेळी बोटे कीबोर्डच्या मधल्या ओळीवरून उचलली जातात, पुन्हा जागेवर येताना एखादे अक्षर चुकते आणि लयही तुटते. इन्फिनिटीचे मधले मोठे पेडल दाबून ठेवले की आवाज चालू, पाय उचलला की बंद. डावे पेडल मागे नेते, उजवे पुढे. शिलाई मशीन चालवलेल्यांना ही सवय फार लवकर लागते, पायाचे काम पाय आपोआप करू लागतो.

या पेडलची खरी जमेची बाजू म्हणजे वजन. तळ जड आहे, खाली रबर आहे, त्यामुळे ते सहसा जागचे हलत नाही. तरी आपल्याकडच्या गुळगुळीत टाइल्सवर, पायात मोजे असतील तर, ते हळूहळू भिंतीकडे सरकत जाते. खाली एक जाड रबरी पायपुसणे टाकले की प्रश्न मिटतो. टाच जमिनीवर टेकलेली हवी आणि फक्त पुढचा तळवा दाबला जायला हवा. जेवणाच्या टेबलाशी उंच खुर्चीवर बसून काम करणाऱ्यांची टाच अधांतरी राहते आणि दोन तासांत पोटरी भरून येते. अशा वेळी पेडल आणि टाच दोन्ही मावतील असा लाकडी पाट खाली ठेवावा. दुसरे म्हणजे पेडल जमिनीवर असते आणि घरात रोज केर-फरशी होते. ओल्या फडक्याचे पाणी आत गेले की स्विच अडकू लागतात, केस आणि धूळ साचली तरी तेच होते. फरशी पुसायच्या आधी पेडल उचलून टेबलावर ठेवण्याची सवय घरातल्या सगळ्यांनाच लावावी.

जोडणी सोपी आहे. विंडोज त्याला साधे यूएसबी उपकरण म्हणून ओळखते, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. आधी पेडल जोडा, मग एक्स्प्रेस स्क्राइब उघडा. ऑप्शन्समध्ये कंट्रोलरच्या टॅबवर पेडल चालू करण्याची खूण करा आणि कंट्रोलर सेटअप विझार्ड चालवा. तो एकेक पेडल दाबायला सांगतो आणि कोणत्या पेडलला कोणते काम ते ठरवून घेतो. पाच मिनिटांत हे उरकते.

हमखास येणारी एक तक्रार अशी की पेडल सकाळी चालते आणि चहा पिऊन परत आले की मेलेले असते. पेडल बिघडलेले नसते. लॅपटॉप वीज वाचवण्यासाठी न वापरलेल्या यूएसबी पोर्टचा पुरवठा तोडतो. पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत भागात यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. शिवाय डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देणारी खूण काढा. माउस, कीबोर्ड, पेनड्राइव्ह आणि पेडल असे सगळे एकाच स्वस्त हबवर लटकवले असेल तर आधी पेडल थेट लॅपटॉपला लावून पाहा.

दुसरी अडचण गंभीर आहे आणि ती खरेदीनंतर कळते. काही कंपन्या फाईल तुमच्या कॉम्प्युटरवर उतरवू देत नाहीत. त्यांच्या सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉप किंवा सिट्रिक्समधून (दूरचा कॉम्प्युटर आपल्या पडद्यावर चालवण्याची साधने) शिरायचे आणि तिथेच टाइप करायचे. अशा वेळी पेडल तुमच्या घरी, प्रोग्रॅम सर्व्हरवर, आणि मधली वाट कंपनीने मोकळी केली नसेल तर पेडलचा सिग्नल पलीकडे पोचतच नाही. हे घरच्या सेटिंगने सुटत नाही, कंपनीच्या आयटीवाल्यांनीच ते करायचे असते. म्हणूनच आधी विचारा.

बाजारात स्थानिक बनावटीची तीन पेडलांची यूएसबी उपकरणेही मिळतात, बरीच स्वस्त. त्यांतली अनेक कीबोर्डची नक्कल करतात. म्हणजे पेडल दाबले की कॉम्प्युटरला वाटते कोणीतरी एफ९ दाबले. सरावाला हे चालेल. पण पाय दाबून ठेवला की तीच कळ पुन्हा पुन्हा दाबल्यासारखी जाते आणि आवाज सुरू-बंद, सुरू-बंद होतो. शिवाय पाय उचलल्यावर थांबायची सोय त्यांत नसते, थांबायला पुन्हा दाबावे लागते. जुने पेडल घेणार असाल तर पिन पाहा. ९ पिनांचा सिरियल किंवा १५ पिनांचा गेम पोर्ट असेल तर आजच्या लॅपटॉपला ते उपयोगाचे नाही. यूएसबीचे असेल तर विकणाऱ्यासमोर मधले पेडल अर्धा मिनिट दाबून धरा. एवढ्यात आवाज एकदाही तुटला तर घेऊ नका, स्विच गेलेला आहे.

आता प्रोग्रॅमकडे. एक्स्प्रेस स्क्राइबच्या सेटिंगमध्ये एक खूण अशी आहे की तिच्यामुळे नवशिक्याचे काम निम्म्या त्रासात होते, ती म्हणजे थांबल्यावर आपोआप थोडे मागे जाणे, ऑटो बॅकस्टेप. ती मिलिसेकंदांत ठरवायची असते. सुरुवातीला १५०० ठेवा. पाय उचलला की आवाज थांबतो, आणि पुन्हा दाबल्यावर शेवटचे दोन-तीन शब्द परत ऐकू येतात, त्यामुळे वाक्याचा धागा सुटत नाही. हात सरावला की १००० किंवा ५०० वर या. शून्यावर ठेवून शिकणारे सतत डावे पेडल बडवत बसतात.

आवाजाची गती बदलली तरी सूर तोच राहतो, हीही चांगली सोय. पण ५० टक्क्यांवर आणून ऐकू नये. तेवढ्या संथ गतीत व्यंजने पसरट होतात आणि उलट कमीच कळते. भराभर बोलणाऱ्या डॉक्टरसाठी ८० ते ९० टक्के पुरे. पार्श्वभूमीचा गोंगाट कमी करण्याची सोयही आहे. एसीची घरघर तिने जाते, पण मागे कोणी बोलत असेल तर ते जात नाही.

कळांच्या बाबतीत मात्र सावध राहावे लागते. मूळ मांडणीत एफ९ ने सुरू, एफ४ ने बंद, एफ७ ने मागे, एफ८ ने पुढे. वर्डमध्ये टाइप करतानाही या कळा चालाव्यात म्हणून सिस्टिम-वाइड हॉटकीज चालू केल्या जातात. मग वर्डमध्ये एफ७ ने होणारी स्पेलिंग तपासणी बंद पडते, एफ३ ने येणारा ऑटोटेक्स्ट बंद पडतो, आणि वर्डच बिघडले असे वाटून माणूस ते पुन्हा इन्स्टॉल करत बसतो. पेडल असेल तर या हॉटकीज काढूनच टाका. नसेल तर वर्डमध्ये न लागणाऱ्या कळा निवडून द्या. आणि एफ कळा दाबल्यावर आवाज किंवा स्क्रीनचा उजेड कमी-जास्त होत असेल तर लॅपटॉपचा एफएन लॉक बदलायचा असतो. पुष्कळ लॅपटॉपवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबून तो बदलतो.

फुकटच्या आवृत्तीत वेव्ह आणि एमपी३ सारख्या नेहमीच्या फाईल चालतात. डिक्टेशन रेकॉर्डरमधून थेट येणाऱ्या डीएसएस, डीएस२ फाईलना प्रो लागते. इन्स्टॉल करताना प्रत्येक पडदा वाचा, एनसीएचचे इतर प्रोग्रॅम सोबत घेण्याच्या खुणा तिथे असतात. सुरुवातीला प्रोच्या सोयीही काही दिवस चाखायला मिळतात आणि नंतर बंद होतात, त्यामुळे प्रोग्रॅम बिघडला असा गैरसमज होतो. परवान्याच्या अटी डाउनलोड करतानाच वाचून घ्या आणि पैसे घेऊन काम सुरू झाले की योग्य तो परवाना घ्या. एनसीएचच्या या विक्रीच्या पद्धतीमुळेच या प्रोग्रॅमला पूर्ण गुण देता येत नाहीत, कारण प्रोग्रॅम स्वतः चोख आहे.

पेडल घ्यायचेच नसेल आणि कान तपासून पाहायचा असेल तर ओट्रान्स्क्राइब हे ब्राउझरमधले फुकटचे साधन पुरते. एस्केपने आवाज सुरू-बंद, एफ१ ने मागे, एफ२ ने पुढे, आणि फाईल तुमच्याच कॉम्प्युटरवर राहते. डीएसएस तिथे चालत नाही.

हेडफोनवर थोडे जास्त बोलायला हवे, कारण तिथे पैसा फुकट जातो. ब्लूटूथ हेडफोन या कामाला घेऊ नका. पाय दाबल्यापासून आवाज कानात यायला क्षणभर उशीर होतो, आणि काही सेकंद शांतता गेली की हेडफोन झोपी जातो व जागा होताना पहिले अक्षर गिळतो. 'हायपरटेन्शन' आणि 'हायपोटेन्शन' मधला फरक दुसऱ्याच अक्षरावर आहे, तिथे असली गिळंकृती परवडत नाही. वायरचा, हलका, कानाला घट्ट न दाबणारा हेडफोन घ्या. बास वाढवणारा नको. जुन्या पद्धतीच्या फोनवरून दिलेल्या डिक्टेशनमध्ये साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा येतो. 'एफ' आणि 'एस' यांना वेगळे करणारा सळसळता भाग त्याच्या वर असतो, म्हणजे तो फाईलमध्येच नसतो. कितीही महाग हेडफोन घेतला तरी तो परत येत नाही. तिथे संदर्भावरूनच ओळखावे लागते, नाहीतर रिकामी जागा सोडावी लागते.

आणि रिकामी जागा सोडणे हा या कामाचा कणा आहे. औषधांच्या यादीत हायड्रॅलाझिन आणि हायड्रॉक्सिझिन कानाला जवळजवळ सारखी वाटतात. पहिले रक्तदाबाचे, दुसरे खाज आणि अस्वस्थतेवर देतात. अशा ठिकाणी काय करायचे? आवाज ८५ टक्क्यांवर आणा, तीनदा ऐका, मग रिपोर्टमध्ये वर जाऊन रुग्णाला रक्तदाब आहे का, अंगावर पुरळ आहे का ते पाहा, मात्रा त्या औषधाच्या नेहमीच्या मात्रेत बसते का तेही पाहा. इतके करूनही खात्री नसेल तर ब्लँक ठेवा, सोबत फाईलमधली वेळ लिहा आणि क्यूएकडे, म्हणजे काम तपासणाऱ्याकडे, पाठवा. अंदाजाने भरलेले औषध रुग्णाच्या तोंडात जाऊ शकते. ब्लँकने फार तर क्यूएची दोन मिनिटे जातात. डिस्फेजिया म्हणजे गिळायला त्रास, डिस्फेझिया म्हणजे बोलण्या-समजण्यात अडचण, आणि इंग्रजी स्पेलिंगात फरक एका अक्षराचा. इलियम आतड्याचा की कंबरेच्या हाडाचा हेही एका अक्षरावर ठरते. स्पेलचेक यांतले काहीच पकडणार नाही, दोन्ही शब्द त्याच्या लेखी बरोबरच असतात.

आकड्यांचे नियम पहिल्या दिवसापासून अंगवळणी पडले पाहिजेत. अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनच्या टाळायच्या संक्षेपांच्या यादीनुसार अर्धा मिलिग्रॅम लिहिताना दशांश चिन्हाआधी शून्य हवेच, आणि एक मिलिग्रॅम लिहिताना चिन्ह देऊन पुढे शून्य द्यायचे नाही. ठिपका नजरेतून सुटला तर पहिल्यात .५ चे ५ होतात आणि दुसऱ्यात १.० चे १०, म्हणजे मात्रा दहापट. युनिटसाठी नुसते 'यू' लिहायचे नाही, कारण ते शून्यासारखे दिसते. रोज एकदा या अर्थाचे 'क्यूडी' सुद्धा वर्ज्य.

टेक्स्ट एक्स्पांडरला वेगळा खर्च लागत नाही. वर्डचे ऑटोकरेक्ट हेच पहिले एक्स्पांडर. पुढे ऑटोहॉटकी घ्या, तेही फुकट आहे. पैसे ओळींवर मिळतात आणि ओळ बहुतेक ठिकाणी ६५ अक्षरांची धरतात. ६,५०० अक्षरांचा रिपोर्ट म्हणजे १०० ओळी. एक्स्पांडरने उमटलेले अक्षरही त्यात मोजले जाते, म्हणून तीन कळांत पूर्ण वाक्य उमटवणाऱ्याची कमाई त्याच तासात वाढते. मोकळ्या जागा अक्षरांत मोजतात की नाही ते करारात पाहा. इंग्रजी मजकुरात साधारण सहावा-सातवा हिस्सा मोकळ्या जागांचा असतो, म्हणजे दर तोच दिसत असून पगार तेवढा कमी होऊ शकतो.

एक्स्पांडरमधली नेहमीची घोडचूक म्हणजे खऱ्या संक्षेपालाच शॉर्टकट बनवणे. 'पीटी' टाइप केले की 'द पेशंट' उमटावे अशी नोंद जवळजवळ प्रत्येक जण करतो. मग रक्त तपासणीत पीटी, म्हणजे प्रोथ्रॉम्बिन टाइम, आला की तिथेही 'द पेशंट' उमटते. म्हणून कोणी 'पीटीटी' घेतो, तर तीही एक रक्त तपासणीच. 'पीटीएक्स' घ्यावे तर तो न्यूमोथोरॅक्सचा संक्षेप. 'टीपीटी' सारखे, आधी 'टी' लावून केलेले शॉर्टकट सहसा सुरक्षित राहतात. एकच पद्धत ठरवा आणि यादी रोज पाच-सहा शब्दांनी वाढवा. दुसऱ्याची दोन हजार शब्दांची तयार यादी उचलू नका, ती लक्षात राहत नाही आणि नको तिथे उघडते.

गुप्ततेचा भाग विकत घ्यायचा नसतो, तो पाळायचा असतो. अमेरिकन रुग्णांच्या नोंदींना १९९६ चा हिपा हा रुग्णमाहितीच्या गुप्ततेचा कायदा लागतो आणि कंपनी करारातून ती जबाबदारी तुमच्यावरही टाकते. घरचा सामाईक कॉम्प्युटर असेल तर कामाचे लॉगिन वेगळे हवे, आणि मुलांच्या अभ्यासाला ते द्यायचे नाही. विंडोजमध्ये डॉक्युमेंट्सचे फोल्डर नकळत वनड्राइव्हवर चढत असते, ते आधी बंद करा, नाहीतर रुग्णाचे नाव असलेला रिपोर्ट तुमच्या खासगी खात्यात जाऊन बसतो. काम संपलेल्या फाईल एक्स्प्रेस स्क्राइबच्या यादीतून आणि कचरापेटीतूनही काढा. कळत नसलेला ऑडिओ फुकटच्या एआय साइटवर चढवणे किंवा व्हॉट्सॲपवर मैत्रिणीला ऐकवणे हा सरळ करारभंग आहे. २००३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या यूसीएसएफ रुग्णालयाचे काम कंत्राटदाराकडून उपकंत्राटदाराकडे असे करत कराचीतल्या एका ट्रान्सक्रिप्शनिस्टपर्यंत पोचले होते. तिचे पैसे थकले आणि तिने रुग्णांच्या नोंदी इंटरनेटवर टाकण्याची धमकी दिली. आपल्याला काम देणारा रुग्णालयापासून कितवा आहे, हे विचारणे म्हणूनच गरजेचे आहे. साखळी जितकी लांब तितका दर कमी आणि पैसे बुडण्याची भीती जास्त.

धंद्याची आजची हालत नीट समजून मगच पैसे घाला. २००९ च्या हायटेक कायद्यानंतर अमेरिकेत डॉक्टर इलेक्ट्रॉनिक नोंदींच्या टेम्प्लेटमध्येच बरेच काही भरू लागले. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये न्यूआन्स या बोलणे ऐकून लिहिणारे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचा ताबा पूर्ण केला. डॉक्टर-रुग्णाचे बोलणे ऐकून नोंद तयार करणारे न्यूआन्सचे डॅक्स त्याच घरात गेले. निव्वळ टाइप करण्याचे काम आटले आहे. उरले ते मशीनने लिहिलेला मजकूर ऐकत सुधारण्याचे, म्हणजे एडिटिंगचे, आणि त्याचा ओळीचा दर टायपिंगहून बराच कमी असतो. नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या आयकेएस हेल्थने २०२३ मध्ये अ‍ॅक्विटी ही या क्षेत्रातली जुनी अमेरिकन कंपनी घेतली, यावरून कामाची दिशा कळते: ट्रान्सक्रिप्शन, स्क्राइबिंग (डॉक्टरसाठी तपासणीची नोंद लिहिणे) आणि कोडिंग (आजार-उपचारांना बिलासाठी ठरावीक कोड देणे) एकत्र देणाऱ्यांकडे ते सरकते आहे. एडिटिंगलाही पेडल लागतेच, कारण चूक ऐकल्याशिवाय सापडत नाही. मशीनचा मजकूर वाचायला इतका सुबक असतो की डोळा चुकीवरून घसरतो, आणि नवशिक्याला हेच टायपिंगपेक्षा अवघड जाते.

'डिपॉझिट भरा, घरबसल्या काम घ्या' म्हणणाऱ्याला पेडलइतकेही पैसे देऊ नका. खरी कंपनी आधी चाचणी घेते, ऑडिओ ऐकवते आणि चुका मोजते.

खरेदीचा क्रम असा ठेवावा. पहिले सहा आठवडे फक्त वायरचा हेडफोन, फुकटची एक्स्प्रेस स्क्राइब आणि सरावाच्या फाईल, त्याही अमेरिकन डॉक्टरांसोबत परदेशी वळणाच्या इंग्रजीतल्या. या काळात दहा मिनिटांची फाईल दीड तासाच्या आत आणि मोजक्या ब्लँकमध्ये होऊ लागली, तर इन्फिनिटी घ्या. होत नसेल तर आणखी सराव करा. पेडलने वेग वाढतो, कान तयार होत नाही. स्टेडमन किंवा डॉरलंडचा वैद्यकीय शब्दकोश जुनी आवृत्ती मिळाली तरी चालेल, पण औषधांची नावे मात्र चालू वर्षाच्याच यादीत पाहा. यूपीएस किंवा इन्व्हर्टर राउटरलाही जोडा. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो आणि राउटर बंद पडतो, तेव्हा अर्धा चढवलेला रिपोर्ट अडकतो आणि टीएटी, म्हणजे काम परत देण्याची मुदत, उलटून जाते. ८ किलोहर्ट्झ, १६ बिटची दहा मिनिटांची वेव्ह फाईल जेमतेम ९.६ एमबी असते, म्हणून वेगवान प्लॅन नको, न तुटणारा हवा.

कंपनीला ऑर्डरआधी विचारायचे प्रश्न पाच: कोणता प्लॅटफॉर्म, त्यावर इन्फिनिटी चालते का, ओळीत मोकळ्या जागा धरता का, एडिटिंगचा दर किती, आणि ब्लँकबद्दल पैसे कापता का. शेवटच्याचे उत्तर 'हो' असेल तर ते काम घेऊ नका, कारण तिथे ट्रान्सक्रिप्शनिस्टला अंदाजाने औषधे भरायला भाग पाडले जाते.